जुना लॅपटॉप ऑनलाइन घ्यायचाय? आधी तो कुणाचा आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. पंचवटीत राहणाऱ्या एका ताईंची मुलगी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप परवडत नाही, इकडून-तिकडून जमवून २२ हजार होतात. ऑनलाइन एक जाहिरात सापडली: डेल लॅटिट्यूड, आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची डिस्क), ‘एकदम नव्यासारखा’, किंमत १४,५००. विकणारा म्हणतो, मी देवळाली कॅम्पला लष्करात होतो, अचानक राजस्थानात बदली झाली, लॅपटॉप कुरिअरने पाठवतो, तुम्ही २,००० रुपये बुकिंगचे टाका. सोबत ओळखपत्राचा फोटो, लॅपटॉपचे फोटो आणि प्रोसेसरचा क्रमांक दिसेल असा एक स्क्रीनशॉट. घ्यावा का?

ताई, घेऊ नका. दोन हजार नाही, दोनशेही टाकू नका. माझं सिडकोत लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे, मी जुने लॅपटॉप विकतोही, तेव्हा पुढचं सगळं ते लक्षात ठेवूनच वाचा. जुना लॅपटॉप घेऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. डिप्लोमाच्या मुलीसाठी २२ हजारात जुना चांगला लॅपटॉप हा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बऱ्याचदा उजवा ठरतो. पण हा नाही, आणि अशा पद्धतीने नाही.

आधी या फौजी विक्रेत्याचं बोलू. ही फसवणूक देशभर चालते. कधी लष्कर, कधी सीआयएसएफ, कधी विमानतळावरची नोकरी. नाशिकमध्ये ती जास्त खपते, कारण ती इथे खरी वाटते. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, ओझरला हवाई दलाचं ठाणं आहे. तिथल्या लोकांच्या बदल्या होतात आणि जाताना ते फ्रिज, मोटारसायकल, फर्निचर खरोखर विकून जातात. आपल्यापैकी अनेकांनी असं सामान घेतलेलंही असतं. फौजी माणूस फसवणार नाही, हा आपला विश्वासही रास्त आहे. भामटे नेमका तोच वापरतात.

खरा बदली झालेला माणूस काय करतो? घरी बोलावतो, वस्तू दाखवतो, नाहीतर एखाद्या मित्राकडे ठेवून जातो आणि म्हणतो, जाऊन बघा. तो अनोळखी बाईकडून आगाऊ दोन हजार मागत नाही. तुम्हाला आलेलं ओळखपत्र कुणाचंही असू शकतं. आधी फसलेल्या एखाद्या माणसाने विश्वासाने पाठवलेलंही असेल. म्हणून तुमचं आधार कार्ड त्याला पाठवू नका. उद्या तेच तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला दाखवलं जाईल.

दोन हजार गेल्यावर पुढे काय होतं तेही ऐका. कुरिअरवाला म्हणून दुसरा माणूस फोन करतो. पार्सल निघालंय, गेट पासचे अमुक रुपये भरा, ते परत मिळतील. मग रक्कम चुकीच्या पद्धतीने आली, सिस्टिमने घेतली नाही, पुन्हा पाठवा, दोन्ही एकदम परत करतो. शेवटी पैसे परत देण्यासाठी म्हणून क्यूआर कोड येतो. इथे एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले, समोरचा काहीही सांगो.

आता समजा, विक्रेता खरा आहे, नाशिकचाच आहे आणि लॅपटॉप हातात द्यायला तयार आहे. तरी धोका संपत नाही, आणि लोक भलत्याच टोकापासून तपासायला लागतात. बॉडीवर ओरखडे आहेत का, स्क्रीन चकाचक आहे का, रॅम किती. माझा क्रम उलटा आहे. पहिलं, लॅपटॉप कुणाचा आहे. दुसरं, त्याचं वय. तिसरं, त्याची तब्येत. बॅटरी बदलता येते, की-बोर्ड बदलता येतो, स्क्रीनचं पॅनेलही बदलता येतं. खर्च येतो, पण रस्ता असतो. लॅपटॉप मुळात विकणाऱ्याचा नसेल तर त्यावर माझ्याकडे किंवा शहरातल्या कुठल्याही कारागिराकडे सरळ मार्गाचा इलाज नाही.

बाजारात स्वस्तात येणारे डेलचे लॅटिट्यूड, लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक हे बहुतांश कंपन्यांनी वापरलेले असतात. कंपन्या ते तीन-चार वर्षं वापरतात, भाड्याची मुदत संपली की लॉटने बाहेर काढतात, आणि तिथून ते दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि शेवटी आपल्याकडे येतात. हा माल चांगला असतो, मजबूत असतो, मी स्वतः तोच विकतो. पण त्याच रंगरूपात दुसरा मालही फिरतो: नोकरी सोडताना परत न केलेले, घरून काम करताना घरीच राहिलेले, आणि चोरीचे. दिसायला दोन्ही सारखेच.

यात फसगत कशी होते ते जवळून सांगतो, कारण ही गोष्ट विकत घेताना दिसतच नाही. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या सोयीत नोंदवतात. ही नोंद लॅपटॉपमध्ये नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि ती मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, ओळखीला बांधलेली असते. विक्रेता इंटरनेट न जोडता विंडोज टाकतो, ‘युजर’ नावाचं खातं उघडतो आणि लॅपटॉप तुमच्या हातात देतो. सगळं झकास चालतं. आठ-दहा महिन्यांनी लॅपटॉप मंद झाला म्हणून मुलगी तो रीसेट करते. देश निवडा, की-बोर्ड निवडा, वायफाय जोडा, इथपर्यंत नेहमीसारखंच. वायफाय जोडल्यावर मात्र नाव विचारण्याऐवजी पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव झळकतं आणि तिथल्या ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. मागे जायची सोय नाही. एसएसडी बदलली, विंडोज पुन्हा टाकलं, तरी इंटरनेट लागलं की तोच पडदा. ही नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. आणि कंपनीला फोन केलात तर पहिला प्रश्न येईल, हा लॅपटॉप तुमच्याकडे कसा आला?

याची तपासणी घेण्याआधीच करता येते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. तिथे एखाद्या संस्थेचं नाव जोडलेलं दिसलं तर तिथेच थांबा. काही दिसलं नाही तरी खात्री नाही. खात्रीचा उपाय म्हणजे विक्रेत्याला समोर पूर्ण रीसेट करायला सांगणं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’ आणि त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ जातो. मग तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि पुढचा पडदा बघा. तुमचं स्वतःचं खातं उघडायला सांगितलं तर ठीक. ज्याला हा तासभर द्यायचा नाही, त्याला तुमचे वीस हजारही देऊ नका.

दुसरं कुलूप बायोसचं. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम. लॅपटॉप बंद करून चालू करताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबत राहा. बायोस उघडताना पासवर्ड मागितला आणि विक्रेता म्हणाला, ‘त्याची काही गरज पडत नाही’, तर उठा. गरज पडते. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायलाही पुढे तोच पासवर्ड आडवा येऊ शकतो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड तर बॅटरी काढून ठेवली तरी जात नाही. अनेक बिझनेस लॅपटॉपच्या बायोसमध्ये अ‍ॅब्सोल्यूट नावाची मागोवा घेणारी सोयही असते, आधी तिला कॉम्प्युट्रेस म्हणत. विंडोज नव्याने टाकलं तरी ती टिकते आणि मूळ मालक दुरून लॅपटॉप गोठवू शकतो. मॅकबुक घेत असाल तर विक्रेत्याने तुमच्यासमोर स्वतःच्या आयक्लाउडमधून साइन आउट केलंच पाहिजे. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक राहिलेला मॅकबुक सुट्या भागांच्या भावाचा.

बायोस उघडलंच आहे तर तिथला सिरियल नंबर बघा. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षर-अंकांचा असतो. तोच लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर असायला हवा. दोन्ही वेगळे असतील किंवा बायोसमधली जागा कोरी असेल, तर मदरबोर्ड बदललेला आहे किंवा एकाची बॉडी आणि दुसऱ्याचा बोर्ड जोडून लॅपटॉप उभा केलेला आहे. विक्रेत्याने हे आधी सांगून भाव कमी केला असता तर वेगळी गोष्ट होती. हाच नंबर डेल, एचपी किंवा लेनोवोच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपली ते कळतं. डेल तर कारखान्यातून निघताना आत काय काय होतं तेही दाखवतं. ‘दोनच वर्षं वापरलाय’ हे वाक्य खरं की खोटं, ते मिनिटभरात समजतं.

म्हणून भेटायला जाण्याआधी दोन फोटो मागवा. एक, पोटाखालच्या स्टिकरचा. दुसरा, लॅपटॉप आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून, चालू अवस्थेतला. ज्याच्या हातात लॅपटॉपच नाही तो इथेच गळतो. तुमच्या या फौजी भाऊसाहेबांकडेही मागून बघितलं असतंत तर ‘सामान ट्रकमध्ये गेलं’ असंच काहीतरी उत्तर आलं असतं. पण आता मागत बसू नका, नंबर ब्लॉक करा.

वयाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये प्रोसेसर आय७-४६००यू आहे. आय७ बघून मन भरतं, पण हा २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा, दोन कोअरचा प्रोसेसर. २०१७ साली आलेला आय५-८२५०यू चार कोअरचा आहे आणि मुलीच्या कामात याच्या बराच पुढे जाईल. आय३, आय५, आय७ हे त्या-त्या वर्षातले दर्जे आहेत. निरनिराळ्या वर्षांची तुलना त्यावरून होत नाही. जाहिरातीत नुसतं ‘आय७’ लिहिलेलं असेल आणि पुढचा आकडा नसेल, तर तो मुद्दाम लिहिलेला नाही असंच समजा.

आकडा वाचायची रीत सोपी आहे. रेघेनंतरचा आकडा १०, ११, १२, १३ ने सुरू होत असेल तर तीच पिढी. ११३५जी७ अकरावी, १२३५यू बारावी. नाहीतर पहिला अंक म्हणजे पिढी; ७३००यू सातवी, ८३५०यू आठवी. तुम्ही आठवीच्या खाली जाऊ नका. कारण विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. एएमडी असेल तर रायझन ५ ३५००यू किंवा त्यापुढचा बघा. चौथ्या-सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवरही जुगाड करून विंडोज ११ टाकून विकतात. सुरुवातीला चालतं, पण पुढचे मोठे अपडेट आपोआप येतील याची खात्री नसते. तेव्हा ‘विंडोज ११ आहे’ यावर जाऊ नका, प्रोसेसरचा आकडा बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं दिसतं. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास नको, स्टिकर सुटे विकत मिळतात.

फसायला सोपी असलेली एक जोडी सांगून ठेवतो. डेल लॅटिट्यूड ७४८० आणि ७४९० शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. ७४८० मध्ये सहावी-सातवी पिढी आहे, ७४९० मध्ये आठवी मिळते. थिंकपॅड टी४७० आणि टी४८०, एचपी एलिटबुक ८४० जी४ आणि जी५ यांचंही साधारण तसंच. त्यातही टी४८० आणि जी५ काही सातव्या पिढीचे निघालेत, म्हणून मॉडेल जुळलं तरी प्रोसेसर बघायचाच. तुमच्या बजेटमध्ये शोधायचे ते हेच: ७४९०, टी४८०, ८४० जी५. ८ जीबी रॅम असली तरी चालेल. टी४८० आणि जी५ मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत, पुढे वाढवता येते. थिंकपॅडचाच एक्स१ कार्बन दिसायला देखणा, पण त्यात रॅम बोर्डवरच डकवलेली असते. घेतली तेवढीच कायम.

तब्येतीत सगळ्यात जास्त खोटं बॅटरीबद्दल बोललं जातं. ‘तीन-चार तास आरामात जाते’ हे ऐकायचंच नाही, मशीनलाच विचारायचं. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी लिहून, जागा सोडून, तिरपी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एंटर मारलं की अहवालाची फाइल कुठे ठेवली तो पत्ता येतो. ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण भरल्यावरची. समजा पहिला आकडा ६०,००० आणि दुसरा ३१,००० आहे. म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली. हिला बदलायचा खर्च भावातून वजा करूनच बोला. दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा भरली-उतरली तो आकडा) शून्य, तेही सात वर्षांच्या लॅपटॉपला, तर लोकल बॅटरी टाकलेली असण्याचा संभव जास्त. मग चार्जर काढा, पडद्याचा उजेड पूर्ण करा, व्हिडिओ लावा आणि बाकीची तपासणी करत राहा. वीस मिनिटांत पंधरा-वीस टक्के उतरली तर समजायचं ते समजा.

टचपॅडवरून बोट फिरवा. तो मधे उचललेला वाटतोय, क्लिक नीट होत नाही, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डगमगतोय, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. यात भावाची घासाघीस नको. फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते. ती काढून टाकेपर्यंत तो लॅपटॉप घरात चार्जिंगला लावायचा नाही.

चार्जरकडे कुणी बघत नाही आणि तिथेच हळू चालण्याचं मूळ असतं. डेलचा गोल पिनचा चार्जर लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो. लोकल चार्जरची ओळख पटली नाही की लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही पाडून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं लॅपटॉप मंद आहे, आणि दोष निघतो चार्जरचा. डेलच्या बायोसमध्ये जोडलेला चार्जर किती वॅटचा ते दिसतं. ६५ वॅट दिसायला हवं तिथे ‘अननोन’ असेल तर चार्जर धड नाही.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो हेल्थ टक्क्यांत आणि किती तास चालली ते सांगतो. ‘कॉशन’ असा पिवळा शेरा असेल तर ती बदलावीच लागेल. बाकीचं पटापट: नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबून बघा, कॅमेरा-माइक बघा, प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह लावा, हेडफोन लावा, पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग बघा, झाकण चार-पाच वेळा उघडा-मिटा आणि बिजागरीपाशी करकर होते का ऐका. पोटाखालचे स्क्रू झिजलेले किंवा गायब असतील तर बोर्डाचं काम झालेलं आहे का ते थेट विचारा. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये जर्मन किंवा फ्रेंच की-बोर्ड असतात, त्यावर इंग्रजी स्टिकर चिकटवलेले असतात. शिकणाऱ्या मुलीला हे रोज छळतं. कोडिंगची चिन्हं भलत्याच जागी असतात.

घेतल्यावर, लॅपटॉप कितीही चांगला असो, विक्रेत्याने टाकलेल्या विंडोजवर बँकेचा व्यवहार किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरू नका. त्यावर चोरीचं एमएस ऑफिस, परवान्याशिवाय विंडोज चालवणारा खोटा अ‍ॅक्टिव्हेटर आणि सोबत काहीही असू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेन ड्राइव्ह बनवा आणि विंडोज नव्याने टाका. कंपनीतून आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मूळ परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. याचं आणखी एक कारण आहे. जुनं खातं तसंच ठेवलं आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असली, तर कधीतरी बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती की विक्रेत्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. मुलीचा प्रोजेक्ट त्या दिवशी कुलपात. स्वतःच्या खात्याने नव्याने सुरुवात केली की ही भानगड मिटते.

आता कागद. माणसाकडून घेत असाल तर मूळ बिलाची प्रत मागा. नसेल तर साध्या कागदावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत, तारीख आणि सही. पैसे यूपीआयने किंवा खात्यावरच द्या, आणि ज्याची सही त्याच्याच नावाच्या खात्यावर. ‘भावाच्या नंबरवर टाका’ नको. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही चांगल्या मनाने घेतला असला तरी चोरीचा निघाल्यास पोलीस लॅपटॉप जप्त करतात. तेव्हा हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. आणि भाव बाजारापेक्षा फारच कमी असणं, बिल नसणं, बायोसला पासवर्ड असणं ही सगळी ‘सबळ कारणं’ धरली जाऊ शकतात, हेही समजून असा.

दुकानदाराकडून किंवा रिफर्बिश्ड विकणाऱ्या साइटवरून घेतलात तर तुम्ही ग्राहक ठरता: सिरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या, ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची ते त्यावरच लिहून घ्या. बिघडलं आणि दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. घरातला लॅपटॉप विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध ग्राहक कायद्याचा असा उपयोग सहसा होत नाही, म्हणून तिथे तपासणी दुप्पट कडक हवी. साइटवरून पार्सल येणार असेल तर पैसे साइटमधूनच द्या. ‘ऑर्डर रद्द करा, मला थेट द्या, हजार रुपये कमी करतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पार्सल उघडताना लेबल दिसेल असा, मधे न थांबवता व्हिडिओ काढा.

भेटायचं तर शक्यतो विक्रेत्याच्या घरी, दिवसा, सोबत कुणीतरी घेऊन. ते जमत नसेल तर कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला एखाद्या कॅफेत, जिथे टेबल आणि प्लग पॉइंट आहे. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर रस्त्याच्या कडेला, गाडीवर बसल्या-बसल्या लॅपटॉप दाखवणाऱ्याकडे जाऊ नका. वर सांगितलेलं काहीही तिथे उभ्या-उभ्या तपासता येत नाही, आणि म्हणूनच तो तिथे बोलावतो.

पैसे गेलेच असतील, तुमचे किंवा हे वाचणाऱ्या कुणाचेही, तर लाज बाळगून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी ती गोठवता येते, त्यामुळे इथे तासांना नव्हे, मिनिटांना किंमत आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या संदेशात किंवा अ‍ॅपमध्ये दिसणारा व्यवहार क्रमांक), समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी, सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा; समोरचा संदेश पुसून टाकण्याआधी ते काढा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवरही नोंदवता येते. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण पोलिसांची सायबर ठाणी वेगवेगळी आहेत, पंचवटीसाठी शहराचं.

तेव्हा ताई, ती जाहिरात साइटवर ‘रिपोर्ट’ करा, म्हणजे पुढचं कुणी सापडणार नाही. मग ७४९०, टी४८० आणि ८४० जी५ ही तीन नावं टाकून, ठिकाण नाशिक ठेवून शोधा. १८ ते २२ हजारात असे मिळतात. पूर्ण २२ एकदम खर्चू नका, दीड-दोन हजार बॅटरीसाठी किंवा चार्जरसाठी बाजूला राहू द्या. बघायला जाताना मुलीला न्या आणि टायपिंग, रीसेट, बॅटरीचा अहवाल हे सगळं तिलाच करू द्या. कॉम्प्युटरची विद्यार्थिनी आहे, तिला हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर जमेल. निघण्याआधी मात्र पोटाखालच्या स्टिकरचा फोटो मागवून सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. तिथलं मॉडेल आणि वय विक्रेत्याच्या बोलण्याशी जुळलं नाही तर रिक्षाचे पैसेही खर्च करू नका.